अंगठा कशाला हवाय? गावातल्या आरोग्य संशोधनात संमती घ्यायची कशी

ॲनिमियाच्या सर्वेक्षणातला माझा पहिला दिवस. आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आशा सेविकेच्या, पडवीत सकाळी अकराला बायका जमल्या होत्या. मी माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एकीचं लेकरू किरकिरत होतं, दोघी पदराआड जांभया देत होत्या. "काही शंका?" म्हणून विचारलं, तर शंका कुणालाच नव्हती. तासाभरात बावीस सह्या-अंगठे झाले आणि संध्याकाळी माझी पाठ थोपटली गेली. तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका मावशींनी मला पिठाच्या गिरणीपाशी गाठलं. "ताई, खात्यात पैसे कधी पडायचे?"

त्यांना वाटलं होतं, फॉर्म योजनेचा आहे. बाकीच्या एकवीस जणींना काय वाटलं होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. फाइलला बावीस संमतीपत्रं लागली होती आणि त्यातली खरी किती, ते मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मी एकच माप वापरते. जिला 'नको' म्हणणं सोपं होतं, तिचंच 'हो' धरायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. सार्वजनिक आरोग्याचे (एमपीएच, पीएसएम) आणि समाजकार्याचे (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी आणि संस्थांमधले फिल्डवरचे लोक डोळ्यांपुढे ठेवून लिहितेय. उदाहरण तेच घेते: चार गावं, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन आणि वीस मिनिटांची प्रश्नावली.

आधी ठरवा: हे काम आहे की संशोधन?

गावात गॅस्ट्रोची साथ आली, प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसं घरोघरी फिरली, जुलाब कुणाला झाले याची यादी केली. हे त्यांचं रोजचं काम. तिथे कुणी संमतीपत्र मागत नाही, मागत बसलं तर साथ पसरेल. पण तीच यादी घेऊन तुम्ही प्रबंध लिहायला बसलात की प्रश्न बदलतो. अशा वेळी 'यात काय, नुसता डेटा तर आहे' असं स्वतःच ठरवून मोकळं व्हायचं नाही. सूट मिळते, पण ती एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीने, द्यायची असते.

आणि रोजचं काम म्हणजे विचारायची गरज नाही, असाही अर्थ नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घराघरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढलं. साथ खरी होती आणि घरं तपासण्यामागे वैद्यकीय कारणही होतं. तरी लोकांच्या मनात काय साचलं ते २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झडलेल्या गोळीने दाखवलं. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. स्वतःला टोचून घेण्याचं धाडस मोठंच. पण गजाआडच्या माणसाची 'स्वेच्छा' किती, हा प्रश्न आजची कोणतीही कमिटी पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.

एथिक्स कमिटीकडे वेळेत जा

आपल्याकडे आधार आहे तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा. शिवाय २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. तुमच्या कमिटीची नोंदणी चालू आहे का, हे आधी विचारा. लाजू नका.

कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि निम्मे सदस्यही बाहेरचे. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि एक साधा नागरिक असतो. माझा अनुभव असा की सगळ्यात अवघड प्रश्न तो साधा नागरिकच विचारतो, कारण त्याला तुमच्या सँपल साइझशी देणंघेणं नसतं.

तपासणी तीन प्रकारची: सूट, जलद किंवा पूर्ण बैठकीत. नाव-गाव नसलेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवर काम असेल तर सूट मिळू शकते. रक्त घेणार, मुलांशी बोलणार, घरातल्या हिंसेबद्दल विचारणार, तर पूर्ण बैठकीची तयारी ठेवा. प्रोटोकॉल, प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र हे सगळं इंग्रजीत आणि गावात वापरणार त्या भाषेत, दोन्हींत लागतं. मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत एकही फॉर्म भरायचा नाही. 'पायलट तर आहे' ही पळवाट नाही. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नसते आणि कुणी देऊ केली तर घेऊ नये.

फॉर्म गावच्या मराठीत आणा

बहुतेक संमतीपत्रं इंग्रजीतून उतरवलेली असतात आणि वाचताना शासन निर्णय वाचल्यासारखं वाटतं. हे वाक्य बघा: "सदर अभ्यासामध्ये स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी संमती असून कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेण्याचा अधिकार मला आहे, याची मला जाणीव करून देण्यात आली आहे." एकही चूक नाही आणि एकही मावशी हे असं बोलत नाही. त्याऐवजी: "यात यायचं की नाही, ते तुमच्या मनावर. आत्ता हो म्हणून नंतर नको वाटलं तरी चालेल. का नको, ते सांगायची गरज नाही."

काही शब्द तर घातच करतात. 'रक्ताचा नमुना' म्हटलं की काही ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना आठ आठवतो, म्हणून 'थेंबभर रक्त' म्हणा. 'गोपनीय' ऐवजी 'तुमचं नाव घेऊन कुणाला सांगणार नाही'. कोणत्या गावाला काय मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने ठरवणार असाल, तर 'चिठ्ठ्या टाकून ठरवलंय' एवढं पुरतं, भिशीमुळे ते सगळ्यांना कळतं.

पत्रकात इतकं यायलाच हवं: हे संशोधन आहे, कोण करतंय, काय करणार, किती वेळ, त्रास काय, फायदा असेल तर काय आणि नसेल तर 'नाही' असं स्पष्ट, माहिती कुठे राहणार, रक्त उरलं तर त्याचं काय होणार, आमच्यामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, आणि दोन फोन नंबर. एक तुमच्या प्रमुखांचा, दुसरा एथिक्स कमिटीच्या सचिवांचा. दुसरा नंबर बरेच जण गाळतात. पण तक्रार तुमच्याविरुद्धच असली तर ती तुमच्याकडे कोण करणार?

भाषांतर झालं की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की घोळ दिसतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारकडे भिली-पावरी. तिथे मराठी फॉर्म म्हणजे मुंबईत तमिळ फॉर्म दिल्यासारखं. अशा ठिकाणी लिखाणापेक्षा बोलणारा माणूस महत्त्वाचा, आणि तो त्याच भाषेतला हवा.

गावाची परवानगी वेगळी, बाईची संमती वेगळी

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना भेटा, पत्र द्या, जमलं तर ग्रामसभेत बोला. हे सगळं गावात पाऊल ठेवण्यापुरतं. सरपंचांनी 'घ्या हो, आमच्या गावात कुणी नाही म्हणत नाही' असं म्हटलं तर खरं म्हणजे सावध व्हायला हवं.

हा फरक पुसला की काय होतं याचं आपल्या देशातलं उदाहरण ताजं आहे. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणा) आणि गुजरातेत वडोदऱ्याला किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमतीच्या प्रक्रियेवर २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की वाईट, हा वादच नव्हता. पालकांना विचारलंच नव्हतं, आणि त्यामुळे एका उपयोगी लशीबद्दलचा संशय देशात बरीच वर्षं रेंगाळला. आपल्याकडच्या आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी हा प्रसंग पाठ करावा. मुख्याध्यापकांची सही शाळेत शिरायला चालते, मुलीच्या दंडाला हात लावायला चालत नाही.

आणि आशाताई. त्यांच्याशिवाय कुणाचंच पान हलत नाही, हे मान्य. पण त्या घर दाखवतील, ओळख करून देतील आणि मग जातील, असं आधीच ठरवा. बाळंतपणापासून लसीकरणापर्यंत जिच्यावर सगळं अवलंबून, तिच्यादेखत 'नको' कोण म्हणेल? माझ्या त्या पहिल्या दिवसाची चूक नेमकी हीच होती: पडवी आशाताईंची, बोलावणं आशाताईंचं.

केव्हा आणि कुठे बसायचं

सोयाबीनची काढणी चालू असताना दुपारी दोनला जाऊन 'फक्त वीस मिनिटं' म्हणू नका. रोज बुडतो. वेळ त्यांना विचारा. बहुतेकदा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी चूल पेटायच्या आधी. बुडालेल्या वेळेची भरपाई द्यायची तर ती कमिटीने मान्य केलेली हवी, आणि इतकी मोठी नको की पैशासाठी सुई टोचून घ्यावी लागेल.

सासूबाई ओट्यावर ठाण मांडून बसल्या असतील तर पाळीबद्दलचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोघींची जोडी घेऊन जा. एकीने सासूबाईंशी त्यांच्या गुडघ्यांबद्दल मनापासून बोलावं, दुसरीने सुनेशी आतल्या खोलीत. घरातल्या हिंसेबद्दल विचारायचं असेल तर एका घरातून एकाच बाईला निवडा, घरात अभ्यासाचं नाव 'बायकांचं आरोग्य' एवढंच सांगा, खरा विषय तिला एकटीला सांगून संमती घ्या, आणि मध्येच कुणी आलं तर लगेच वळता येईल असे जेवणखाणाचे चार प्रश्न तयार ठेवा.

बोलायचं काय

कागद वाचून दाखवायचा नाही. तो मांडीवर ठेवायचा आणि बोलायचं. मी साधारण असं बोलते:

"मावशी, मी अमुक कॉलेजकडून आलेय. मी डॉक्टर नाही, आणि योजनेचा फॉर्म भरायलाही आले नाही. या चार गावांत बायकांच्या अंगात रक्त किती आहे, ते आम्ही बघतोय. तुम्ही म्हणालात तर बोटाला ही सुई टोचेन, थेंबभर रक्त या पट्टीवर घेईन. मुंगी चावल्यासारखं होईल. आकडा इथेच सांगेन, लिहून देईन. मग वीसेक मिनिटं बोलू: जेवण, पाळी, बाळंतपणं. एखादं नको वाटलं तर 'पुढचं' म्हणा. पैसे मिळणार नाहीत. नाही म्हणालात तर रेशन, दवाखाना, लाडकी बहीण, काही बंद होणार नाही. कोण हो म्हणालं, कोण नाही, ते मी कुणाला सांगत नाही."

सुई आणि पट्टी खरोखर हातात द्या. 'रक्त काढून नेतात, विकतात' ही भीती कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, आणि तिच्यावर पट्टी दाखवण्याइतका दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "समजलं का?" कधीही विचारू नका. त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी 'हो'च असतं, शाळेपासूनची सवय. त्याऐवजी मी दोन प्रश्न विचारते. "घरच्यांनी विचारलं, त्या बाई कशाला आल्या होत्या, तर काय सांगाल?" आणि "तुम्ही आत्ता नको म्हणालात तर काय होईल?" पहिल्याचं उत्तर 'गोळ्या द्यायला' आलं, की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याला एकदा एकीने उत्तर दिलं, "काय होणार, तुम्ही शेजारच्या घरी जाल." तिची संमती मी डोळे मिटून घेतली असती. तिने मात्र खरंच नको म्हटलं.

सही, अंगठा आणि साक्षीदार

पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठला तो सावकाराच्या चोपडीवर आणि जमिनीच्या कागदावर. सातबाऱ्यावरून नाव जायला एक अंगठा पुरला, अशा गोष्टी प्रत्येक घरात आहेत. म्हणून अर्धा तास हसून बोललेली बाई शाईचं पॅड बघून मागे सरकते. यात अडाणीपणा नाही, अनुभव आहे. अंगठ्याने काय होतं आणि काय होत नाही ते तेव्हाच सांगा: "हा कागद फक्त एवढंच सांगतो की मी तुम्हाला सगळं सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात."

वाचता येत नसेल तर पूर्ण बोलणं होईपर्यंत एक साक्षर, तटस्थ साक्षीदार समोर हवा आणि त्याची सही हवी. संध्याकाळी गाडीत बसून ड्रायव्हरची सही घेणं म्हणजे खोटी कागदपत्रं करणं, दुसरा शब्द नाही. तुमच्या टीममधलं कुणी साक्षीदार होऊ शकत नाही. प्रकल्पाकडून मानधन घेणाऱ्या आशाताईही तटस्थ नाहीत. बारावीला असलेली शेजारची मुलगी माझ्या अनुभवात सगळ्यात चोख. पण ती अठराची आहे ना, ते विचारून घ्या.

बोलायला तयार, पण सही मुळीच नको, असं म्हणणाऱ्या बायका पुष्कळ. कमी जोखमीच्या अभ्यासात तोंडी संमती घेऊन तुम्ही ती नोंदवू शकता, पण तशी मुभा कमिटीकडून आधी घेतलेली हवी. आणि कागदाची एक प्रत त्यांच्याकडे राहिलीच पाहिजे. झेरॉक्सचे पैसे बजेटात धरा.

मुलं

अठराच्या आत आई किंवा वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार वेगळा घ्यायचा. आई 'घ्या' म्हणतेय आणि पोरगं हात मागे लपवतंय, तर सुई परत पिशवीत.

ज्यांना काही मिळणार नाही, त्यांनाही सांगा

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास झाला. बावन्न गावगटांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट. तिघांत वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या धोरणांना त्याचा उपयोग झाला. वाद झडला तो चौथ्या गटावरून. या कॅन्सरची पॅप तपासणी जगाला ठाऊक असताना एका गटाची तपासणी न करणं योग्य होतं का? दुसरी बाजू म्हणते की नेहमीच्या सेवेत तिथे तपासणी नव्हतीच. मला दोन्ही बाजू कळतात. पण फॉर्मपुरतं माझं मत पक्कं आहे: 'तुमच्या गावाची चिठ्ठी तपासणी नसलेल्या गटात निघाली, ही तपासणी हवी असेल तर अमुक दवाखान्यात होते' हे वाक्य तशा गटातल्या (कंट्रोल) गावच्या बाईच्या कानावर पडलंच पाहिजे.

गुप्तता, आणि ती जिथे संपते

नावांची यादी एका कुलपात आणि उत्तरं दुसऱ्या, फक्त क्रमांकावर. आधार नंबर घेऊच नका, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. आणि 'कामाचा पुरावा' म्हणून मुलाखतीचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी पद्धत पडली आहे, ती पहिल्या दिवशी बंद करा. कोणाच्या घरात कोण बसलं होतं, हे संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळतं.

एक गोष्ट मात्र वचन देण्याआधी ठरवावी लागते. सोळा-सतरा वर्षांची गरोदर सून सर्वेक्षणात भेटते, हे आपल्याकडे अपवादाने घडत नाही. अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी आहे, संशोधकही सुटत नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असं म्हणून बसलात आणि मग कळवलंत, तर तुम्ही तिला फसवलंत. म्हणून कुठली गोष्ट आम्हाला सांगावी लागेल, हे संमतीच्या वेळीच बोला, आणि त्या वाक्याचे शब्द कमिटीतल्या कायद्याच्या माणसाकडून तपासून घ्या.

नकार लिहायची वही

आमच्याकडे नकारांचा रकाना असतो: घर क्रमांक, तारीख, 'नको'. कारण विचारायचं नाही, स्वतः होऊन सांगितलं तरच लिहायचं. सुपरवायझरांनो, ज्या मुलीच्या वहीत शंभर घरांत एकही नकार नाही, तिच्याबरोबर एक दिवस फिरून या.

आकडा सांगितल्यावर

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं, तर ती तुमच्या अभ्यासातली एक नोंद उरत नाही, तिला त्याच दिवशी दवाखाना दाखवावा लागतो. चिठ्ठी कुणी द्यायची, गाडी कुठली, सोबत कोण जाणार, हे सुई उघडण्याआधी ठरलेलं हवं. बाकीच्यांनाही आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग गोळ्या?" तेव्हा पहिल्या घराची पायरी चढण्याआधी आरोग्य केंद्रात जा आणि फार्मासिस्टला विचारा, लोहाच्या गोळ्या किती शिल्लक आहेत.